'देवमाणूस'चा प्रेक्षक : सातारा आणि सांगली

दूरचित्रवाणीवरच्या मालिकांचा विचार आपल्याकडे समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. आला तर तो तक्रारीच्या स्वरात येतो. मालिकांच्या प्रेक्षकांचा विचार तर त्याहूनही कमी होतो. नाटकाच्या प्रेक्षकाविषयी भरतमुनींपासून आजच्या अभ्यासकांपर्यंत पुष्कळांनी लिहिले. रात्री साडेदहाला भांडी आवरून, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडत टी.व्ही.समोर बसणारी बाई मात्र टीआरपीच्या आकड्यात जमा होते आणि तेथेच संपते. ती काय पाहते, पाहताना काय बोलते, कोणत्या क्षणी गप्प होते, याची नोंद कोणी ठेवत नाही. प्रस्तुत लेखात अशी एक छोटी नोंद ठेवण्याचा प्रयत्न आहे. तिची व्याप्ती मर्यादित आहे : एक मालिका, दोन घरे आणि एक वर्ग. पण तिच्यातून उभा राहणारा प्रश्न मला साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी महत्त्वाचा वाटतो.

मालिका म्हणजे झी मराठीवरची 'देवमाणूस'. ३१ ऑगस्ट २०२० रोजी ती सुरू झाली आणि १५ ऑगस्ट २०२१ ला तिचे पहिले पर्व संपले. डॉक्टर म्हणून गावात राहणारा, गोरगरिबांना फुकट औषध देणारा, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पाया पडणारा अजितकुमार देव हा वास्तवात देवीसिंग नावाचा भोंदू डॉक्टर आणि खुनी आहे, हे त्या मालिकेचे मूळ सूत्र. ही कथा वाई तालुक्यातल्या धोमच्या प्रकरणावरून सुचली, हे साताऱ्यात कोणाला समजावून सांगावे लागले नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये ते प्रकरण उघडकीस आले होते. अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत काम करणारी एक स्त्री जून महिन्यात बेपत्ता झाली. तिचा शोध घेताना पोलीस स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसापर्यंत पोचले. आणि धोममध्ये पुरलेली प्रेते उकरून काढण्यात आली. २००३ पासूनच्या तेरा वर्षांत सहा खून केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. मारल्या गेलेल्या सहांपैकी पाच स्त्रिया होत्या. आरोपीचे नाव वृत्तपत्रांनी घराघरांत पोचवले, त्याला एक इंग्रजी टोपणनावही मिळाले. ते येथे पुन्हा लिहिण्याचे मला कारण दिसत नाही.

माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर सांगलीचे. सांगलीजवळच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवते. २०२० च्या सप्टेंबरात आईच्या पायाचे हाड मोडल्यामुळे मी दोन महिने साताऱ्याला होते. वर्ग मोबाईलवरूनच चालत असल्याने मी कोठून शिकवते आहे, याने फरक पडत नव्हता. त्यामुळे या मालिकेचे सुरुवातीचे भाग मी साताऱ्यात पाहिले आणि दिवाळीनंतरचे सांगलीत. मालिका तीच, वेळ तीच. पण ती पाहणारी माणसे सारखी नव्हती, हे माझ्या हळूहळू लक्षात येत गेले.

आधी रचनेविषयी. रहस्यकथेचा परिचित साचा 'खून कोणी केला?' या प्रश्नावर उभा असतो. मराठी वाचकाला बाबूराव अर्नाळकरांपासून तो ठाऊक आहे. दूरचित्रवाणीच्या इतिहासात १९८० साली अमेरिकेतल्या 'डॅलस' मालिकेने जे. आर. नावाच्या पात्रावर गोळी कोणी झाडली, एवढ्या एका प्रश्नावर अर्ध्या जगाला कित्येक महिने टांगून ठेवले होते. 'देवमाणूस'मध्ये हा प्रश्नच नाही. खुनी कोण, हे प्रेक्षकाला आरंभीच सांगून टाकलेले आहे. माझ्या वर्गातल्या तासगावकडच्या एका मुलीने नेमके हेच विचारले होते : "मॅडम, खुनी पहिल्यापासूनच माहीत आहे, तर मग हिला रहस्यमालिका कसं म्हणायचं?" प्रश्न रास्त होता. मी तिला हिचकॉकचे प्रसिद्ध विवेचन सांगितले. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर तो फुटल्यावर क्षणभर धक्का बसतो. माहीत असेल तर टेबलाशी बसलेल्यांच्या साध्या गप्पाही ऐकवत नाहीत. येथे रहस्य प्रेक्षकासाठी नाही, ते गावासाठी आहे. आपल्याला ठाऊक आहे आणि त्यांना ठाऊक नाही, या दोहोंतल्या अंतरावर मालिकेचा संसार चालतो.

या अंतराचे पुढे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. ज्याला गुपित ठाऊक असते तो नकळत त्या गुपिताचा भागीदार होतो. सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंजारराव' (१८९०) या नाटकात शेक्सपिअरचा ऑथेल्लो मराठीत आणला. खलपुरुष आपला बेत नायकाला सांगत नाही. तो प्रेक्षकाला सांगतो. प्रेक्षक खुर्चीत बसून सारे जाणतो आणि काहीच करू शकत नाही. हे असहाय ज्ञान एका मर्यादेपर्यंत करुणा जागवते. पण नाटक चार तासांत संपते, म्हणून ती करुणा टिकते. तेच ज्ञान आठवड्यातले पाच-सहा दिवस, वर्षभर पुरवले, तर काय होईल? मी दोन्ही घरांत जे पाहिले त्यावरून सांगते : करुणेची जागा हळूहळू हिशेब घेतो. सांगलीला आमच्या भाऊजींनी तर शब्दच ठरवून टाकला होता. नवे स्त्रीपात्र आले, की ते म्हणत, "आता हिचा नंबर." सासूबाई हसत. पुढे पुढे त्या स्वतःच म्हणू लागल्या, "हिचा काही अजून नंबर लागत नाही, हिचं काम मोठं आहे." पात्राच्या मृत्यूचा अंदाज त्याच्या कथानकातल्या उपयुक्ततेवरून बांधणे, हे एरवी आम्ही वर्गात शिकवतो ते कथनमीमांसेचे काम. सासूबाई ते भाजी निवडता निवडता करत होत्या.

साताऱ्याला काकूंचे पाहणे निराळे. त्यांना खुन्याची चीड येई, त्या त्याला मोठ्याने शिव्या घालत, आणि सरूआजीच्या तोंडी म्हण आली की ती दुसऱ्या दिवशी कोणावर तरी वापरत. सरूआजी हा या मालिकेचा मोठा आधार होता. तिची बोली आमच्या भागातली होती, तिचा संशयी स्वभाव ओळखीचा होता, आणि साताऱ्याकडची मराठी टी.व्ही.वर ऐकू येण्याची सवय 'लागिरं झालं जी' (२०१७) या मालिकेने आधीच लावलेली होती. त्या मालिकेतला खलनायक भैय्यासाहेब करणारा किरण गायकवाडच येथे डॉक्टर झाला होता. पण एके रात्री पोलीस डॉक्टरच्या अगदी जवळ पोचले, तेव्हा काकू एकदम म्हणाल्या, "आत्ताच धरला तर उद्या बघायचं काय?" आणि स्वतःच दचकल्या. थोड्या वेळाने पदर सावरत म्हणाल्या, "म्हणजे धरला पाहिजेच. पण आज नको."

'आज नको' या दोन शब्दांत दीर्घ मालिकेचे सारे नीतिशास्त्र आले आहे, असे मला वाटते. कथा चालू राहायची तर खुनी सुटला पाहिजे. खुनी सुटायचा तर आणखी कोणी मेले पाहिजे. आणि कथा चालू राहावी ही तर आपली इच्छा. या इच्छेत दुष्टपणा नाही. शहरजादच्या गोष्टींत तीच इच्छा एका स्त्रीचा जीव वाचवते. येथे तीच इच्छा रोज एकीचा जीव मागते, इतकाच भेद.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केले ते सांगलीकर पटवर्धनांच्या आश्रयाने. भाव्यांच्या नाटकांत राक्षसांचा प्रवेश आरोळ्या ठोकत, राळेच्या भडक्यात, रंगवलेल्या तोंडाने होत असे. त्या 'अललडुर्र' आरोळीने पुढे बसलेली पोरे दडून बसत. राक्षस येतो तेव्हा तो राक्षस आहे हे सर्वांना, देवांना, मानवांना आणि प्रेक्षकांना, एकाच क्षणी कळे. याच सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातही एक वध होता आणि प्रेक्षक त्या वधाची वाट पाहत. कारण कीचकाच्या जागी ते लॉर्ड कर्झनला पाहत होते. सरकारलाही तो अर्थ नेमका कळला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. म्हणजे रंगभूमीवर कोणी मरावे अशी इच्छा प्रेक्षकाने करणे, ही काही आजची विकृती नव्हे. फरक एवढाच, की 'कीचकवधा'चा प्रेक्षक जुलूम करणाऱ्याच्या मरणाची वाट पाहत होता.

'देवमाणूस'ला सर्वांत जवळचे जुने उदाहरण मात्र आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'चे आहे. १९६२ साली आलेले ते नाटकही सत्य प्रकरणावर, अनेक स्त्रियांना लग्नाच्या नावाखाली फसवणाऱ्या एका भामट्याच्या खटल्यावर आधारलेले. त्याचा निपाणीचा लखोबा लोखंडे प्रभाकर पणशीकरांनी अजरामर केला. लखोबा न्यायालयात आपला खटला आपणच चालवतो, आणि प्रेक्षक त्याच्या उलटतपासणीला मनमुराद हसतो. ज्यांची आयुष्ये उद्ध्वस्त झाली त्या स्त्रिया साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन जातात. लक्षात राहतो तो लखोबा. 'देवमाणूस'मध्येही दिव्या सिंग ही पोलीस अधिकारी डॉक्टरपर्यंत पोचते, खटला उभा राहतो, आणि पुराव्याअभावी सुटून तो गावात परततो. त्या सुमारास आमच्या घरात त्याच्या हुशारीचे कौतुक ऐकू येऊ लागले होते. "काही म्हणा, डोकं आहे त्याला," हे वाक्य मी किमान तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकले. लखोबाच्या प्रेक्षकांचेच हे वारस. खलपुरुषाच्या बुद्धीला मिळणारी ही दाद आपल्या रंगभूमीने फार पूर्वीपासून दिली आहे. तिचा दोष एका मालिकेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

येथपर्यंत जे लिहिले ते साताऱ्याला आणि सांगलीला बहुतांशी सारखेच लागू आहे. भेद सुरू होतो तो येथून पुढे.

साताऱ्याला आमच्या आळीत एक अंगणवाडीताई राहतात. आईच्या पायामुळे त्या रोज संध्याकाळी चौकशीला येत आणि कधी कधी जेवणानंतरही थांबत. पहिल्या आठवड्यात त्यांनी आमच्याबरोबर दोन-तीन भाग पाहिले. नंतर मालिकेची वेळ झाली, की त्या उठून जाऊ लागल्या. आईने विचारले, तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही बघा हो वहिनी. मला नाही बघवत. ती आमच्यातली होती." एवढेच. या वाक्यात मालिकेविषयी काहीच मत नव्हते. तक्रार नव्हती, बंदीची मागणी नव्हती. काकू तेव्हा टी.व्ही.चा आवाज कमी करत आणि ताई जिना उतरून गेल्या की पुन्हा वाढवत. आवाज कमी करण्याची ही कृती मला फार बोलकी वाटत आली आहे. पलीकडच्या घरात मयत झालेली असताना आपण रेडिओ बंद करतो, त्याच जातीची ती कृती होती. चार वर्षांपूर्वीच्या, पस्तीसेक किलोमीटरवरच्या, प्रत्यक्ष कधी न पाहिलेल्या एका बाईचे सुतक काकू त्या क्षणापुरते पाळत होत्या.

सांगलीला असा प्रसंग एकदाही आला नाही. कृष्णा वाईवरून, धोमच्या धरणातून निघून, कऱ्हाडवरून सांगलीला येते. पाणी तेच असते. पण वाईची बातमी सांगलीला पोचेपर्यंत तिची गोष्ट झालेली असते. सासूबाईंना ते प्रकरण आठवत होते, नाही असे नाही. "ते वाईचं नाही का, तसलंच काहीतरी," असे त्या म्हणत. 'तसलंच काहीतरी' आणि 'ती आमच्यातली होती' या दोन वाक्यांमधले अंतर किलोमीटरमध्ये मोजता येईलही, पण ते आपल्याला काव्यशास्त्राच्या भाषेतही मोजता येते, आणि म्हणूनच मी हा विषय वर्गात नेला.

रसचर्चेत साधारणीकरणाचा सिद्धान्त आपण सगळेच शिकवतो. रंगभूमीवरचा शोक हा कोणा एका व्यक्तीचा, कोणा एका गावाचा, कोणा एका दिवसाचा उरत नाही. तो सर्वसाधारण होतो, म्हणून त्याचा आस्वाद शक्य होतो. अभिनवगुप्ताने रसास्वादातली जी विघ्ने सांगितली, त्यांत एक असे आहे, की प्रेक्षक समोरचे सुखदुःख 'माझे' किंवा 'त्याचे' म्हणून, विशिष्ट स्थळकाळाला बांधून पाहू लागतो. तसे झाले की रस होत नाही. उरते ती लौकिक व्यथा, किंवा लाज, किंवा कुतूहल. वर्षानुवर्षे मी हे विघ्न परीक्षेतला एक मुद्दा म्हणून शिकवले होते. त्याचे उदाहरण विद्यार्थी विचारत, तेव्हा पुस्तकातले दिले होते. आमच्या आळीतल्या ताईंना रसास्वादातले हे विघ्न प्रत्यक्ष आले होते. सिद्धान्ताच्या दृष्टीने त्या अपुऱ्या प्रेक्षक ठरतात. सासूबाई, भाऊजी आणि काही प्रमाणात मी स्वतः, आम्ही पुरते प्रेक्षक ठरतो.

वर्गात यावर चांगला वाद झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये काही आठवडे निम्मी मुले प्रत्यक्ष वर्गात बसू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. जत तालुक्यातला एक मुलगा म्हणाला, सगळ्या गोष्टी कोणाच्या तरी खऱ्या दुःखावरूनच होतात. तो विचार करत बसलो तर महाभारतही वाचता येणार नाही. मुद्दा बिनतोड होता. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी 'फकिरा' लिहिली ती त्यांच्या आप्तांच्या आयुष्यावरूनच, याची त्याने वर आठवण करून दिली. तासगावच्या मुलीने त्याला उत्तर दिले, "अण्णा भाऊंनी आपल्या माणसांचं लिहिलं. त्यांना त्यांची नावं टिकवायची होती. इथं नाव कुणाचं टिकलं?" वर्ग काही क्षण गप्प होता. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "डॉक्टरचं." आणि हशा पिकला.

तो हशा ओसरल्यावर मी मुलांना एक साधे काम दिले. मालिकेत मारल्या गेलेल्या स्त्रियांविषयी घरातली माणसे काय बोलतात, ते आठवडाभर ऐकून लिहून आणायचे. मते नकोत, फक्त वाक्ये. जी वाक्ये आली त्यांची मोजदाद मी केली नाही आणि त्यांतून आकडेवारी काढण्याचा माझा उद्देशही नव्हता. पण एक वाक्य वेगवेगळ्या बोलींत पुन्हा पुन्हा येत होते : "गेलीच कशाला ती त्याच्याकडं?" कोणी पैशासाठी गेली, कोणी लग्नाच्या आशेने, कोणी नवऱ्याला चोरून, कोणी नुसतीच दोन शब्द बरे बोलणारा माणूस भेटला म्हणून. मालिकेने प्रत्येकीला असे एकेक कारण दिलेले होते. कथेच्या दृष्टीने ते आवश्यकच. कारणाशिवाय पात्र उभे राहत नाही. पण तेच कारण प्रेक्षकाच्या हाती तिच्यावरचे आरोपपत्र म्हणून येत होते. खुनी दुष्ट आहे हे तर पहिल्याच दिवशी ठरून गेले; त्याच्याविषयी नवा निवाडा करायला काही उरलेले नव्हते. मग रोजचा निवाडा कोणाचा करायचा? जी मरणार तिचा. खुनी माहीत असलेल्या रहस्यकथेत संशयिताची रिकामी जागा मृत स्त्रीने भरून काढली जाते, हे मला त्या वह्या वाचताना प्रथम कळले. 'कोणी केले?' हा प्रश्न काढून घेतल्याबरोबर प्रेक्षकाने त्याच्या जागी 'हिने काय केले होते?' हा प्रश्न आणून बसवला.

आणि येथे खरे प्रकरण पुन्हा समोर येते. स्त्री बेपत्ता होते, तेव्हा गावात, चावडीवर, कधी पोलीस ठाण्यातही पहिला प्रश्न हाच विचारला जातो. कोणाबरोबर गेली असेल, कशाला गेली असेल. वाईच्या प्रकरणात आरोप ठेवले गेले ते तेरा वर्षांच्या काळातल्या खुनांचे. एवढा काळ माणसे नाहीशी होत राहिली आणि ते एकत्र जोडून पाहिले गेले नाही, याची कारणे अनेक असतील. पण नाहीशा झालेल्या बाईविषयी आपल्याला आधी शंका वाटते आणि मग काळजी वाटते, हे त्यांतले एक कारण असावे, असे मानायला जागा आहे. मालिकेने ही शंका निर्माण केली नाही. ती आमच्या घरांत होतीच. मालिकेने रोज रात्री तिला अर्धा तास दिला.

आणखी एका गोष्टीची नोंद करायला हवी, कारण पुढच्या वाचकांना ती सहज लक्षात येणार नाही. ही मालिका करोनाच्या वर्षात चालली. २२ मार्च २०२० रोजी आपण दारात उभे राहून डॉक्टर-परिचारिकांसाठी टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या होत्या. 'देवमाणूस' हा शब्द त्या दिवसांत उपरोधाने नव्हे, तर अक्षरशः डॉक्टरांसाठी वापरला जात होता. त्याच शब्दाचे शीर्षक लावून, इंजेक्शनची सुई हातात घेतलेला एक भोंदू आमच्या घरांत रोज येत होता. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत खाट मिळणे अवघड झाले होते. ज्या डॉक्टरने फोन उचलला तो देव, नाही उचलला तो राक्षस, अशी मनःस्थिती होती. त्या दिवसांत सासूबाईंना दम लागला. तपासायला आलेले आमचे नेहमीचे डॉक्टर संपूर्ण झाकलेल्या पोशाखात होते, नुसते डोळे दिसत होते. ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तोच होता ना गं? आवाज त्याचाच वाटला." हे त्या विनोदाने म्हणाल्या, की तापात, की मालिकेच्या सवयीने, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण खेड्यापाड्यांतला माणूस डॉक्टरवर ठेवतो तो विश्वास पदवी पाहून ठेवत नाही. भिंतीवरची चौकट कोणी वाचत नाही. तो आवाज ओळखतो, हात ओळखतो, आणि 'काय आज्जी, जेवलीस का?' या एका चौकशीवर आपला दंड पुढे करतो. धोममध्ये जे घडले त्याची भीषणता मला या दंड पुढे करण्यात दिसते. राळेच्या भडक्यात आरोळी ठोकत येणारा राक्षस पोरांनाही ओळखता येत होता. हा राक्षस चौकशी करत आला.

१५ ऑगस्ट २०२१ च्या शेवटच्या भागाने प्रेक्षक नाराज झाले. वर्षभर ज्या हिशेबाची वाट पाहिली तो पुरता झाला नाही, अशी भावना सर्वत्र होती. साताऱ्याहून काकूंचा फोन आला तो याच रागात : "एवढं वर्षभर जागवलं आणि शेवटाला हे?" सांगलीतही तीच नाराजी होती. दोन्ही घरांची प्रतिक्रिया इतकी सारखी झाल्याचा हा एकमेव प्रसंग. डिसेंबर २०२१ मध्ये दुसरे पर्व आले, आणि शेवट का लांबवला होता याचा उलगडा झाला. २०२५ मध्ये 'मधला अध्याय' या नावाने तिसरेही सुरू झाले. म्हणजे काकूंचे 'आज नको' वाहिनीने ऐकले होते, असेच म्हणावे लागते. शोकान्त नाटकाच्या शेवटी भीती आणि करुणा यांचे विरेचन होते, असे ॲरिस्टॉटल सांगतो. शेवटच नसलेल्या कथेत विरेचन कसे व्हायचे? भीती साठत जाते, करुणा आटत जाते आणि प्रेक्षक पुढच्या पर्वाची चौकशी करत राहतो.

मालिका करू नये, पाहू नये, असे मी येथे म्हटलेले नाही आणि मला म्हणायचेही नाही. काकूंना त्या वर्षात मालिकेने जे दिले ते मी दिले नसते. एका बंद घरात, रोज मरणाच्या बातम्या येत असताना, ज्याचा खुनी ठाऊक आहे असे मरण पाहणे हाही एक दिलासाच असावा. विषाणूला चेहरा नव्हता, डॉक्टरला होता. मला एवढेच सुचवायचे आहे, की सहृदय प्रेक्षकाची आपली व्याख्या पुन्हा तपासून पाहावी. स्थळकाळाचे भान सुटणे ही आस्वादाची पूर्वअट आहे, हे आपण मान्य करत आलो. आळीतल्या ताईंचे भान सुटले नाही, म्हणून त्या जिना उतरून गेल्या. शास्त्राने ज्याला विघ्न म्हटले त्याला आपल्या रोजच्या भाषेत 'जाण' हा शब्द आहे. ज्या कथा वर्ष-वर्ष चालतात आणि ज्यांतली प्रेते शेजारच्या तालुक्यातल्या मातीतून निघालेली असतात, त्यांच्या बाबतीत थोडे विघ्न येऊ देणे हेच सहृदयतेचे लक्षण मानावे काय, हा प्रश्न मी आता दर वर्षी वर्गात रसचर्चेच्या शेवटी ठेवते. उत्तरे वेगवेगळी येतात. जतकडची मुले अजूनही महाभारताचा दाखला देतात, आणि तो खोडून काढणे मला अजूनही जमलेले नाही.